कचेरीत बेलभंडार नव्हता

अकोल्याच्या कचेरीत साक्षीदारांकडून प्रतिज्ञा वदवून घेण्याचं काम माझ्याकडे होतं. मी एकेक शब्द उच्चारायचा आणि साक्षीदारानं तो माझ्यामागून म्हणायचा: ईश्वरासमक्ष सांगतो, खरं तेच सांगेन. ब्राह्मण असो, महार असो, शब्द तेच. पूर्वी साक्षीदाराच्या हातात बेलभंडार, म्हणजे बेलाचं पान आणि देवाचा भंडारा, ती हळद, देऊन शपथ घ्यायला लावत. इंग्रजांच्या नव्या कायद्यानं ते बंद केलं. मला त्या कायद्याचा भारी अभिमान होता. चार बुकं शिकलेल्या शेतकऱ्याच्या पोराला असतो तसा, जरा जास्तच.

त्या वर्षांत कापसाला सोन्याचा भाव आला होता. बाळापूरकडचं आमचं वावर वडिलांनी आजारपणात आपल्या चुलतभावाला कसायला दिलं होतं. भावाभावांत कागद कोण करतो? वडील बरे होऊन वावर मागायला गेले, तर काका म्हणाला, "दादा, ते तं तुमी मले देऊनच टाकलं होतं." वडिलांना रागही आला नाही. गावच्या पंचांपुढं काकाच्या हातात बेलभंडार दिला की झालं, असं ते म्हणाले. काका एरवी हजार थापा मारील, पण बेलभंडार उचलून खोटं बोलणार नाही, हे सारा गाव जाणून होता.

मीच म्हणालो, "पंचाचं आता कोन ऐकते, बाबा? आमच्या कचेरीत या."

"तिथं बेलभंडार देतेत ना?"

मी "हो" म्हणालो. नाही म्हटलं असतं तर ते आले नसते, आणि मला माझ्या कचेरीत, साहेबांसमोर, आपला बाप जिंकलेला पाहायचा होता.

घरचाच दावा म्हणून त्या दिवशी प्रतिज्ञेचं काम मी दुसऱ्या कारकुनावर सोपवलं होतं, पण सुनावणीच्या दिवशी तो तापानं पडला आणि काकाला प्रतिज्ञा देणं माझ्याच वाट्याला आलं. मी तोंड उघडणार तोच वडील उभे राहिले. "सायेब, याच्या हाती बेलभंडार द्या. मंग यानं वावर सोताचं म्हटलं, तं मी आताच सोडतो."

साहेब वाईट माणूस नव्हते. शपथेच्या धाकानं गरीब माणूस आपला हक्कसुद्धा सोडून पळतो, म्हणून कायद्यानं ती काढून टाकली, असं त्यांनी शांतपणे समजावलं. ते खरंच होतं. कायदा चुकीचा होता असं मला आजही म्हणवत नाही. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी कागदात डोकं घातलं.

काकानं माझ्यामागून शब्द न् शब्द म्हटला आणि वावर आपलंच असल्याचं सांगितलं. वडिलांकडे ना कागद, ना साक्षीदार. वावर गेलं. अपिलाला मुदत होती, पण अपील करायचं कशाच्या जोरावर?

बाहेर काकाला मी गाठलं. "काका, देवाचं नाव घेऊन खोटं बोलले तुमी?"

तो ओशाळला नाही. "देवाचं नाव तं मी बैल हाकतानाई घेतो. हातात बेल होता काय?" तो मनापासून बोलत होता. त्याच्या लेखी तो खोटं बोललाच नव्हता.

घरी आल्यावर वडिलांनी हातपाय धुतले. देवापुढचं बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा ताटलीत घेऊन ते माझ्यासमोर बसले.

"उचल," ते म्हणाले. "अन् म्हन, कचेरीत बेलभंडार नसते, हे मले ठाऊक नवतं."

खोटं बोलून मोकळं व्हावं असं फार वाटलं. पण हात काही वर आला नाही.

शेवटी वडिलांनी ताटली उचलून पुन्हा देवापुढं ठेवली.

"त्याच्या हाती दिला असता," ते म्हणाले, "तं तोई असाच बसला असता."