हेंककाकांच्या मोवरचं पातं

गेल्या शनिवारी सकाळी, हूफडॉर्प या डच गावातल्या आमच्या घरामागे, शेजारच्या हेंककाकांनी यंदाचं पहिलं गवत कापायला घेतलं... आणि थोड्याच वेळात मी हातातला चहा ठेवून खिडकीशी गेले. मोवरचा आवाज नेहमीचा नव्हता.

हेंककाका पंच्याहत्तरीच्या पुढचे. शाळेत गणित शिकवायचे. आम्ही पुण्याहून इथे राहायला आलो त्या पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी सांगून टाकलं होतं, की तुमचं गवत ते केवढं, एकच मोवर दोन्हीकडे फिरवतो. तेव्हापासून आमचंही गवत तेच कापतात.

इथे लहानथोर सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, पण मला काही ते जमेना. म्हणून ते हेंककाका. त्यांनाही आता 'काका'चा अर्थ माहीत आहे आणि तो आवडतो.

गेल्या वर्षी त्यांना पार्किन्सन्स असल्याचं कळलं. उजवा हात थरथरतो. आधी गाडी सुटली, मग सायकलही सुटली... आणि इथल्या माणसाची सायकल सुटणं म्हणजे काय, ते इथे राहिल्यावरच कळतं. उरलं ते हे गवत.

तर शनिवारी मोवर खडखडत होता. काका एक पट्टा कापायचे, वळून बघायचे आणि पुन्हा त्याच पट्ट्यावरून जायचे. गवत कापलं जात नव्हतं, कुरतडलं जात होतं... टोकं फाटलेली, पाती आडवी पडलेली.

तेवढ्यात त्यांच्या पत्नी, इनेके, मागच्या फाटकातून आमच्याकडे आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, उद्या मुलगा येतोय आणि तो मोवर घेऊन जाणार आहे. त्याच्या जागी आपोआप फिरणारा रोबो आणून देणार. इनेकेंनाही ते पटत होतं, कारण हल्ली मोवर सुरू झाला की तो बंद होईपर्यंत त्यांचा जीव थाऱ्यावर नसतो. तू जाऊन त्यांना थांबव, तुझं ऐकतील... एवढं सांगतानाही त्यांचे डोळे भरून आले.

मी गेले. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. 'पुरे करा आता' म्हणायला जीभ रेटेना. म्हणून माझ्या कामचलाऊ डचमध्ये एवढंच म्हणाले, की आवाज वेगळा येतोय, बंद करून बघूया का?

त्यांनी लगेच हँडल सोडलं. बॅटरी काढून बाजूला ठेवली, आम्ही दोघांनी मोवर आडवा केला, आणि मला त्यांनी जाड हातमोजे घालायला लावले. पात्याला हात लावला तर ते डगमगलं... मधला बोल्ट सैल होता.

मला मोवरमधलं काही कळत नाही. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, की धार नक्की कुठल्या बाजूला असते. काका शेवटी शिक्षक... लगेच समजावायला लागले. पात्याची वळवलेली टोकं नेहमी वर, मोवरच्या पोटाकडे हवीत. ती पंख्यासारखी हवा वर ओढतात, त्याने गवत उभं राहतं, आणि मग पातं ज्या दिशेने फिरतं त्या दिशेची धार...

इथे त्यांचं बोट थांबलं. बोटाखाली धार नव्हती, बोथट कड होती. वळवलेली टोकंही उलट्या बाजूला होती.

ते तिथेच गवतावर बसले. दरवर्षी पात्याला ते स्वतः धार लावतात. यंदाही लावली होती, आणि सुरेख लावली होती... शेडमधल्या खिळ्यावर मधोमध अडकवून दोन्ही बाजूंचं वजन सारखं आहे ना, तेही पाहिलं होतं. फक्त परत बसवताना पातं उलटं बसलं. आणि थरथरत्या हाताने बोल्ट पुरता आवळला गेला नाही.

"इनेकेला सांगू नकोस," ते म्हणाले.

त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत इनेके उभ्या होत्या. सांगितलं तर उद्या मोवर जाणार... आणि नाही सांगितलं तर पुढच्या वेळी ते पातं सुटून कुणाच्या पायावर येईल, देव जाणे.

"काका, त्यांनी विचारलं तर मला खोटं बोलता येणार नाही," मी म्हणाले. "पण बोल्ट मी आवळू शकते. दर वेळी."

त्यांनी शेडमधून लांब दांड्याचा पाना आणला आणि माझ्या हातात दिला.

मग ते सांगत गेले, मी करत गेले. पातं काढून पुसलं. टोकं वर करून बसवलं, वॉशर आपल्या जागी घातला. पातं फिरू नये म्हणून लाकडाचा ठोकळा अडकवला आणि अंगाचा भार टाकून बोल्ट आवळला. शेवटी काकांनी पातं हाताने सावकाश फिरवून पाहिलं... कुठेही घासत नव्हतं.

मला वाटलं, झालं. पण काकांनी खिडकीकडे बघून इनेकेंना हाक मारली. त्या आल्या तसं, मोवरकडेच बघत, सगळं सांगून टाकलं. "पातं मी उलटं बसवलं होतं, बोल्ट सैल राहिला होता, मला ते कळलं नाही."

"यापुढे बोल्ट ही आवळेल," ते माझ्याकडे बोट करून म्हणाले. "कापणार मी."

इनेके काकांचा थरथरता हात नुसता हातात धरून उभ्या राहिल्या. मी हातमोजे शेडमध्ये ठेवायच्या निमित्ताने बाजूला झाले.

रविवारी मुलगा आला. त्यालाही काकांनीच सांगितलं. त्याने पाना लावून बोल्ट स्वतः तपासला, बराच विचार केला आणि रोबो निदान या उन्हाळ्यापुरता तरी लांबणीवर टाकला... हे मला इनेकेंनी नंतर कॉफी पिताना सांगितलं.

आपल्या माणसाचे हात थकायला लागले की आपण त्याच्या हातातलं कामच काढून घेतो. काळजीपोटीच घेतो... पण पुष्कळदा त्यातला एक बोल्ट आपण घेतला तरी भागतं. तो माझ्यावर सोपवल्याबद्दल मी हेंककाकांची ऋणी आहे.