निर्जळी सोमवार

माझ्या थोरल्या बहिणीच्या तोंडाला वास यायचा. थोडाथोडका नाही, हातभर लांबून कळायचा. राहू गावच्या आमच्या मळ्यात झेंडू तोडताना ती माझ्या सरीत आली की मी पलीकडच्या सरीत जायचे. वर म्हणायचे, "तोंड मिट गं बाई, फुलं कोमेजतील." सगळे हसायचे. ताईसुद्धा हसायची, ओठ मिटून. मला तेव्हा तिची कीव नाही, किळस यायची. खोटं कशाला सांगू?

आईनं काही करायचं बाकी ठेवलं नव्हतं. तुरटीच्या गुळण्या झाल्या, लवंगा झाल्या. मिशेरीनं हिरड्या घट्ट होतात म्हणून दिवसातून चारदा मिशेरी लावायला लावली. दात काळे पडले, हिरड्यांतून रक्त यायला लागलं, वास होता तिथंच. दाताच्या डॉक्टरकडं जायचं ते दात काढायला, एवढंच आम्हाला ठाऊक.

तीन स्थळं आली आणि "कळवतो" म्हणून गेली. तिसऱ्या वेळी मध्यस्थ मामांनी आबांना ओट्यावरच ऐकवलं, "पोरगी कामाला वाघ हाय, पर तोंड उघडलं की माणूस उठून जातंय." ताई आत पिठलं ढवळत होती. तिनं ऐकलं आणि ढवळत राहिली.

तिचं लग्न होईना म्हणून माझं अडलं होतं. दौंडच्या रेल्वेतल्या एका मुलाच्या घरच्यांनी मला पसंत केलं होतं, पण थोरली घरात असताना धाकटीचं करायचं नाही, अशी आमच्यात रीत. त्यांनी निरोप धाडला, दिवाळीपर्यंत थांबू, मग दुसरीकडं बघू. माझं डोकंच फिरलं. येता जाता मी तिला ऐकवायचे, "नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं!"

सोळा सोमवारांची कल्पना माझीच. आई म्हणाली, करू दे, पण च्या-पाणी घेऊ दे. मी म्हटलं, "पाण्यानं कसला उपास? निर्जळी केला तरच देव पावतो." हे कुठल्या पोथीत नव्हतं, माझ्या मनाचं होतं. ताईनं ऐकलं. उन्हातान्हात फुलं तोडायची, दुपारी जीभ टाळूला चिकटायची, पण घोटभर पाणी घ्यायची नाही. मी पाळतच ठेवायचे. सोमवारी वास दुप्पट येतोय हे माझ्या नाकाला कळत होतं. मला वाटलं, पीडा बाहेर पडतीय!

चौदाव्या सोमवारी शिरूरकडचं स्थळ आलं. वार चांगला म्हणून मीच तो ठरवायला लावला होता. पाहुणे यायच्या आधी ताई माठापाशी गेली. म्हणाली, "एकच घोट घेते गं, बोलता येईना झालंय." मी तिच्या हातातला तांब्या काढून घेतला. "दोन सोमवार राहिल्यात. माझं वाटोळं करू नकोस."

तिनं पोहे दिले. मुलानं विचारलं, "शिक्षण किती झालं?" ती वाकून म्हणाली, "दहावी." एवढा एकच शब्द. मुलानं मान फिरवली, रुमाल नाकाला लावला आणि बशी तशीच खाली ठेवली. त्याची आई तर सगळ्यांदेखत म्हणाली, "पोरीच्या पोटात काय कुजलंय का?"

त्या रात्री ताईच आबांना म्हणाली, "धाकटीचं उरका." दिवाळीनंतर माझं लग्न झालं. धाकटी आधी उजवली म्हणताना गावानं जे समजायचं ते समजून घेतलं. ताईला पुन्हा स्थळ आलं नाही.

सात वर्षांनी, गरोदरपणात माझ्या हिरड्या सुजल्या म्हणून मी दौंडला दाताच्या डॉक्टरीणबाईंकडं गेले. सहज ताईचं सांगितलं. त्या म्हणाल्या, दातावर कीटण चढतं, हिरड्यांखाली घाण साठते, मिशेरीनं हिरड्या आणखी बिघडतात. आणि तोंड कोरडं पडलं की वास वाढतो. उपाशी, बिनपाण्याचं राहिलं तर विचारूच नका.

मला तिच्या हातातून काढून घेतलेला तांब्या आठवला.

ताईला घेऊन गेले. चार खेपांत दात साफ झाले, मिशेरी सुटली, जीभ घासायची शिकवली. वास गेला. चार खेपा! डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं, "इतकी वर्षं घरात कुणी काही सांगितलं नाही?"

"सांगत व्हते की," ताई म्हणाली. "रोज सांगत व्हते, वास येतोय म्हणून."

घरी आल्यावर मी कबूल केलं, निर्जळीची अट माझ्या मनाची होती आणि तिनंच वास वाढला. रडले, पाय धरले. तिनं पाय मागं घेतले. म्हणाली, "तुला ठाव नव्हतं, ते खरं. पर मला तहान लागलीय, हे तर ठाव व्हतं?"

वर्षभरात तिनं स्वतःच एका बिजवराशी लग्न ठरवलं. आमच्यात सख्ख्या बहिणीला आमंत्रण द्यायला घरी येतात, कुंकू लावतात, हातात अक्षता देतात. मला पत्रिका पोस्टानं आली. तरी मी गेले. मांडवात ती माझ्यासमोर आली, अगदी जवळ, आणि परक्या बाईला म्हणावं तसं म्हणाली, "जेवून जावा हं तुम्ही."