आमेन म्हणायच्या आधी

माझ्या सासूबाईंचा स्वभाव मुळात शांत नाही आणि माझाही नाही. त्यामुळे आमचं दोघींचं छान जमतं.

आमची कल्याणची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, तशी जुनी. बहुतेक जण नगरकडचे, रेल्वेत नाहीतर शाळेत नोकरी लागली म्हणून इकडे आलेले. दर गुरुवारी संध्याकाळी कोणाच्या तरी घरी प्रार्थना असते, आळीपाळीने. पूर्वी म्हणे ही प्रार्थना आजाऱ्याच्या, अडचणीतल्या माणसाच्या घरी ठेवायचे. आम्ही तिचं पार हळदीकुंकू करून टाकलेलं. एकीने साबुदाणावडे केले की दुसरीने पावभाजी करायची, तिसरीने केक आणि मंचुरियन दोन्ही. आत कढईत तेल तापलं की बाहेर चर्चच्या धर्मगुरूंची, आमच्या पाळकसाहेबांची, प्रार्थना आवरती व्हायची. डोळे सगळ्यांचे मिटलेले, नाकं मात्र जागी. आणि एवढं करून घरी जाताना आपण फार भाविक आहोत असं वाटायचं, हे विशेष.

आमच्याच मंडळीतल्या एक मावशी आंबिवलीला राहतात. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. मोरीत पाय घसरून पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि जिना उतरणं बंद झालं. तेव्हापासून दर रविवारी उपासनेत पाळकसाहेब म्हणायचे, "हे प्रभू, आंबिवलीच्या आमच्या आजारी भगिनीला स्पर्श कर," आणि आम्ही खणखणीत आमेन म्हणायचो. ग्रुपवर हात जोडलेली चित्रंही पाठवायचो. पावसाळा गेला, नाताळ गेला, आमेन चालूच होतं.

मग एकदा मावशींचा सासूबाईंना फोन आला. सासूबाई शाळेत शिकवायच्या, म्हणून मंडळीत सगळे त्यांना बाईच म्हणतात.

"बाई, एक गुरुवार माझ्याकडे ठेवता का? माझ्याच्याने खायला काही व्हायचं नाही. पण घरात माणसांचा आवाज ऐकून किती दिवस झाले. मी अजून मंडळीत आहे की नाही, तेच कळेना झालंय."

सासूबाईंनी वडीलमंडळाला, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या ज्येष्ठांना, विचारलं. उत्तरं काय आली म्हणता? लांब पडतं. शहाडच्या पुलावर ट्रॅफिक असतो. घर लहान आहे. मावशींनाच उगाच त्रास. एक वडील तर म्हणाले, व्हिडिओ कॉलवर घेऊ की. सासूबाई फक्त "बरं" म्हणाल्या. त्या नुसतं बरं म्हणाल्या की मला धडकी भरते.

रविवारी पाळकसाहेब नेहमीच्या त्या वाक्यापाशी आले. आम्ही आमेनसाठी तोंड उघडणार तेवढ्यात सासूबाई उभ्या राहिल्या. प्रार्थना चालू असताना असं उभं राहून बोलायची आमच्यात पद्धतच नाही.

"माफ करा पाळकसाहेब, पण आज याला आमेन नको. दर रविवारी आपण देवाला आंबिवलीला पाठवतो. आपल्यातलं कोण गेलंय? मीसुद्धा गेले नाही. या गुरुवारी मी जाणार आहे. ज्यांना आमेन म्हणायचंय त्यांनी तिथे येऊन म्हणा."

आणि खाली बसल्या. मागच्या बाकावरून कोणीतरी "जरा अतीच झालं" असं पुटपुटलं. मी मान वळवून असं काही बघितलं की पुढचा शब्द आला नाही. पाळकसाहेबांनी आमेन न म्हणताच गीत सुरू करायला सांगितलं.

गुरुवारी आम्ही दोघीच रिक्षाने निघालो. मावशींनी शेजाऱ्यांकडून खुर्च्या आणवून ठेवल्या होत्या, भिंतीपासून भिंतीपर्यंत सतरंज्या घालून घेतल्या होत्या. त्या खुर्च्या अजून रिकाम्याच होत्या. कोणी आलंच नाही, तर आपण मंडळीत आहोत की नाही, याचं मावशींना उत्तरच मिळणार होतं.

"येतील ना हो बाई?"

"न येऊन सांगतात कोणाला," सासूबाई म्हणाल्या, पण लक्ष सगळं दाराकडे.

सगळ्यात आधी कोण आलं असेल? व्हिडिओ कॉलवाले वडील, जिना चढून धापा टाकत. मग पाळकसाहेब सहकुटुंब, मग गाणाऱ्या मुली, मग एकेक करत इतके जण की खुर्च्या बाहेर काढाव्या लागल्या. शेवटी आले ते जिन्यावरच बसले. खायला काही नव्हतं, प्यायला माठातलं पाणी. प्रार्थना आवरती घ्यायला काही कारणच उरलं नव्हतं. कधी तोंड न उघडणारे बोलले. एकाने मुलाची दारू सुटावी म्हणून प्रार्थना मागितली. पावभाजीवाली आमची मैत्रीण हुंदके देऊन रडली, तिच्या घरात काय चाललंय ते आम्हाला इतके गुरुवार खाऊनपिऊन कळलं नव्हतं. त्या संध्याकाळी मला माझ्या मंडळीचा फार अभिमान वाटला. सासूबाईंचा तर आधीपासून आहे, तोंडावर सांगत नाही एवढंच.

शेवटी पाळकसाहेबांनी मावशींच्या डोक्यावर हात ठेवून तीच प्रार्थना केली. या वेळी भगिनी म्हणाले नाहीत, नाव घेतलं. प्रार्थना संपली, पण आमेन कोणी म्हणेना. हळूच बघितलं तर सगळे एक डोळा उघडून सासूबाईंकडे बघत होते.

"हं," त्या म्हणाल्या. "आता म्हणा."

पार जिन्यावरून आमेन आलं. आवाज सगळ्यात मोठा मावशींचा होता.