ल्युदावहिनी निघाल्या

चार माणसं दर रविवारी एकाच घरात चहाला जमायला लागली, की किस्से आपोआप साठतात. कुणी मुद्दाम जमवत नाही, पण माळ्यावरच्या बरण्यांसारखं एक दिवस बघावं तर जागाच उरलेली नसते. आमच्या निम्म्या बरण्या ल्युदावहिनींच्या. आज तेवढ्याच खाली काढतो.

आधी ओळख करून देतो. माझा मित्र बसवराज, म्हणजे आमचा बसू, मूळचा कुरुंदवाडचा. स्कॉलरशिपवर इंजिनिअरिंग शिकायला ताश्कंदला गेला आणि येताना डिग्रीबरोबर ल्युदमिलालाही घेऊन आला. ताश्कंद तेव्हा सोव्हिएत युनियनमध्ये होतं. वहिनींचा जन्म तिथला, पण आईबाप रशियन. बसूनं राजारामपुरीत घर केलं, उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत नोकरी धरली. मूलबाळ झालं नाही. नव्वदच्या आसपास वहिनींनी दर रविवारी रशियन शिकवायचा क्लास काढला. विद्यार्थी दोनच. एक मी, शाळेत भूगोल शिकवणारा, आणि दुसरा दिन्या पोवार, ट्रान्सपोर्टवाला. आम्हाला शेवटपर्यंत रशियन आलं नाही. वहिनींना मात्र कोल्हापुरी आलं. ते सासूनं शिकवलेलं, त्यामुळे अस्सल!

सासू म्हणजे अव्वा. निम्मं कानडी, निम्मं मराठी आणि सगळंच मोठ्यानं. सून दारात आली त्या दिवशी अव्वांनी तिला ओवाळलं, आणि आत येऊन शेजारणीला म्हणाल्या, "न्हाय टिकायची. वर्षात जाती बघ परत."

गंमत अशी, की सुनेचंही म्हणणं तेच होतं. "फुडच्या वर्षी मी जानार हाय," हे वाक्य आम्ही दर वर्षी ऐकलं. कपाटावर एक तपकिरी बॅग कायम भरलेली. आत जाड लोकरी कोट. कोल्हापुरात त्या कोटाचं काय काम, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. वहिनींना एका जागी बसवतच नसे. चहा ओतायच्या, खिडकीत जायच्या, परत यायच्या, बॅगेवरची धूळ पुसायच्या. त्या जाणार की राहणार, हा प्रश्न घरात कायम मुक्कामालाच होता. बसू हसून टाळायचा, पण रात्रपाळीहून आला की आधी कपाटावर बघायचा. हे मी स्वतः पाहिलंय.

*

नवीन असताना वहिनींना जेवणच जाईना. तिखटानं डोळ्यांतून पाणी, आणि पाण्याला घरची चव नाही. बसू एकदा त्यांना मंडईत घेऊन गेला. म्हणाला, तुझं तूच निवड.

वांगी झाली, गवारी झाली. एकाएकी वहिनी बसूचा हात सोडून पळाल्या. एका भाजीवालीपुढची जुडी उचलली, तोंड त्यात खुपसलं आणि मोठ्यानं रडायलाच लागल्या. शेपू! आपली पोरं ज्याला नाक मुरडतात तो शेपू. रशियन माणूस तो बटाट्यावर घालतो, सुपात घालतो, लोणच्यात घालतो, कशातही घालतो.

भाजीवाली घाबरली. "अवं बाई, शेपूच हाय की! रडू नगासा. मेथी देऊ का?"

त्याच दुपारी वहिनींनी थंडगार ताकात उकडलेला बटाटा, काकडी आणि मूठभर कच्चा शेपू घालून त्यांच्याकडचं सूप केलं. अव्वांपुढे वाटी ठेवली. घर सगळं भोवती उभं. अव्वांनी एक घोट घेतला, दुसरा घेतला, वाटी खाली ठेवली.

"कसं झालंय?" बसूनं विचारलं.

"ताक चांगलं हाय," अव्वा म्हणाल्या.

*

रेशनकार्डात नाव घालायचं होतं. रशियन बाईच्या नावामागं बापाचं नाव लागतं, ते जन्मभर. आडनाव बदललं तरी बाप जागचा हलत नाही. ल्युदमिला पेत्रोव्हना, म्हणजे पेत्रची ल्युदमिला. वहिनींनी तसंच सांगितलं.

कारकून म्हणाला, "मॅडम, लग्न झालं न्हवं तुमचं? मग वडलांचं नाव काढायचं आनि मिस्टरांचं लावायचं. हितं असंच असतंय."

"का?" वहिनींचा आवाज चढला. "लगीन केलं म्हनून बाप बदलत न्हाय!"

रांगेत मागे बायकाच बायका. सगळ्या माना उंचावून बघायला लागल्या. मग शेवटून एक म्हातारी ओरडली, "ल्ही रं बाबा, ल्ही! आमचाबी ल्ही!"

*

दिन्या पोवार मनानं मोठा माणूस, पण व्यवहाराला पक्का. वहिनींच्या वाढदिवसाला गुलाब घेऊन आला. डझन घेतले तर स्वस्त पडतात, म्हणून डझन.

वहिनींनी फुलं मोजली आणि चेहराच पडला. एक गुलाब उपसून त्यांनी दिन्याच्या हातात परत दिला. "जित्या मानसाला एक, तीन, पाच, अकरा. दोन, चार, बारा मेलेल्याला." रशियन रिवाज तसा आहे. जोडीची फुलं फक्त अंत्यविधीला.

दिन्यानं कानाला हात लावले. "आमच्यातबी आहेराला वरचा एक रुपाया लावतोय की वहिनी! ध्यानातच न्हाय आलं." उरलेला गुलाब टाकून कसा द्यायचा, म्हणून घरी नेऊन बायकोला दिला. लग्नानंतर पहिल्यांदाच!

बायको खूश झाली. लाजली. आणि दुसऱ्या दिवशी भाजी आणताना तिला वहिनी भेटल्या.

त्या रविवारी दिन्या उपाशीपोटी क्लासला आला. "घरात एकच सवाल चाललाय," म्हणाला. "तिला अकरा आनि मला एक व्हय?"

*

एक्क्याण्णव साल संपता संपता वहिनींचा देशच संपला. पेपर घेऊन दिन्याच धावत आला. वहिनींनी पेपर बघितला, चपला घातल्या आणि चालत सुटल्या. संध्याकाळी परत आल्या त्या घामानं निथळत. कुठं गेला होतात विचारलं तर म्हणाल्या, "कुटं जायाचं तेच ठरंना."

पुढे एका ऑफिसात साहेबांनी त्यांचा पासपोर्ट उलटसुलट करून पाहिला. "बाई, हा देश आता अस्तित्वात नाही."

"मला सांगू नगा," वहिनी म्हणाल्या. "मला इचारून न्हाय मोडला!"

आमच्या शाळेत नवे नकाशे आले. जुना जगाचा नकाशा, सोव्हिएत युनियनचा तो भला मोठा गुलाबी तुकडा असलेला, मी वहिनींना आणून दिला. त्यांनी तो हॉलमध्ये लावला. पुढे बसू कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत नव्या कारखान्यात लागला, तिथले इंजिनिअर घरी यायचे. एक तरुण इंजिनिअर फार हुशार निघाला.

"वहिनी, नकाशा जुना झालाय हो."

"मीबी झालिया," वहिनी म्हणाल्या. "मलाबी भितीवरनं काडतोस का?"

पासपोर्टचा तो घोळ चालू असतानाच ताश्कंदला वहिनींची आई आजारी पडली. नव्या पासपोर्टचे कागद निघेनात. निघाले तेव्हा आई नव्हती. बॅग खाली उतरवली होती, ती पुसून त्यांनी परत वर ठेवली. ह्यात किस्सा काही नाही. मला त्याचा राग मात्र अजून येतो, आणि तो कुणावर काढावा हे कळत नाही.

त्यानंतर वहिनी जास्तच सैरभैर झाल्या. एका रविवारी उभ्या उभ्याच बोलायला लागल्या. "तितं ताश्कंदात मला रशियन म्हनतात. रशियात भाऊ गेलाय, तितं त्याला ताश्कंदचा म्हनतात. हितं मला गोरी म्हनतात. मी हाय कोन?"

 उत्तर स्वयंपाकघरातून आलं.

"मला कुरुंदवाडात कोल्हापूरची म्हनत्यात, आनि कोल्हापुरात कानडी म्हनत्यात," अव्वा ओरडल्या. "चा निवतोय, घे!"

*

दोन हजारनंतर एक नवीनच टूम निघाली. आपली पोरं डॉक्टर व्हायला रशियात जायला लागली. पोरांना चार शब्द शिकवायला आईबाप वहिनींकडे आणायचे. आमचा क्लास पहिल्यांदाच भरला!

वहिनी शब्द शिकवायच्या, पण निघायच्या दिवशी घरी बोलावून एक रिवाज सक्तीनं पाळायला लावायच्या. प्रवासाला निघताना बॅगा दाराशी ठेवायच्या आणि घरातल्या सगळ्यांनी खाली बसायचं. तोंडातून शब्द काढायचा नाही. मग सगळ्यात वडील माणसानं आधी उठायचं आणि म्हणायचं, जा आता. ते उठेपर्यंत कुणी हलायचं नाही. हललं तर प्रवास बिघडतो.

एरवी सुनेच्या रशियन गोष्टींना नाक मुरडणाऱ्या अव्वांना हा रिवाज बेहद्द आवडला. कारण सगळ्यात वडील त्याच! काठी आपटून "कुंद्रु!" म्हणायच्या. कानडीत, बस. पोरांचे काका-मामासुद्धा पटकन बसायचे.

बिद्री गावची एक मुलगी निघाली तेव्हा तिला पोचवायला दोन जीप भरून गोतावळा आला. मामा, मावश्या, चुलते, झाडून सगळे. अव्वांनी सगळ्यांना अंगणात बसवलं. कोल्हापूरची एवढी माणसं एकत्र आणि गप्प, हे दृश्य मी तरी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

रस्त्यानं एक ओळखीचे गृहस्थ चालले होते. ते थबकले, टोपी काढून आत आले, हळूच मुलीच्या बापाशेजारी टेकले. "वाईट झालं," म्हणाले. "कोन गेलं म्हनायचं?"

बापाला बोलायची चोरी. त्यानं बोटानं समोर बसलेल्या मुलीकडे दाखवलं.

गृहस्थांनी मुलीकडे बघितलं. मुलीनं त्यांच्याकडे बघितलं.

"पावनं," ते बापाला म्हणाले, "तुमी जरा पानी प्या."

*

बसू गेला तो कागलच्या कारखान्यातच. दुपारी छातीत कळ आली, दवाखान्यापर्यंतही पोचला नाही. गेला, आणि आमचा रविवारच मोडला.

वर्षभरानं वहिनींच्या भावाचा फोन आला. तो रशियात एका गावी स्थिरावला होता. आता तिथं तुझं कोण आहे, म्हणाला, कायमची निघून ये. वहिनींनी ते गाव कधी पाहिलेलंही नव्हतं. पण ह्या खेपेला बॅग कपाटावरून उतरली ती परत वर गेली नाही. तिकीट आलं. अव्वांनी कुरुंदवाडला पुतण्याकडे जाऊन राहायचं ठरलं.

अव्वांनी आपलं बोचकं बांधायला घेतलं. शेवटी दिन्यालाच राहवलं नाही. "अव्वा, एकदा म्हना की ऱ्हा म्हनून! तुमी म्हनला तर थांबतील त्या."

"मी कोन म्हननार?" अव्वा म्हणाल्या. "आईला बघायला जायाचं हुतं तवा जाता आलं न्हाय तिला. आता जायाचं म्हनती, तर मी न्हाय आडवायची."

मुंबईची गाडी संध्याकाळची होती. दिन्यानं स्वतःची जीप ड्रायव्हरसकट दारात आणली. बॅग उंबऱ्याशी ठेवली. बाकी सामान भरल्यावर कोट बॅगेत मावत नव्हता म्हणून वहिनींनी तो हातावर घेतला होता. भिंतीवरचा नकाशा त्यांनी मला परत देऊ केला. मी घेतला नाही.

"अव्वा, बसूया," वहिनी म्हणाल्या.

आम्ही बसलो. अव्वा त्यांच्या नेहमीच्या पाटावर. वहिनी समोर खुर्चीत. मी आणि दिन्या सतरंजीवर. सगळे गप्प.

एक मिनिट झालं असेल. मी अव्वांकडे पाहिलं. त्या समोर बघत होत्या, काठी मांडीवर आडवी.

आणखी बराच वेळ गेला. दिन्यानं घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत घड्याळाकडे. बोलायची सोय नाही, उठायची सोय नाही. जीपमध्ये बसलेल्या ड्रायव्हरनं एकदा हॉर्न वाजवला. मग दुसऱ्यांदा जरा लांबवून. कुणीच हललं नाही.

मी वहिनींकडे पाहिलं. ज्या बाईला इतक्या वर्षांत मी चहा संपेपर्यंत एका जागी बसलेलं पाहिलं नव्हतं, ती मांडीवर कोट घेऊन, पाय जुळवून, शांत बसली होती.

ड्रायव्हर दारात येऊन उभा राहिला. आमच्याकडे बघून त्यानं पायातल्या चपला काढल्या आणि तोही भिंतीला टेकून खाली बसला.

बाहेर अंधारून आलं. दिवा लावायलाही कुणी उठलं नाही. स्टेशनाकडून मुंबईच्या गाडीचा भोंगा ऐकू आला, एकदा, आणि मग लांबून पुन्हा एकदा.

तो पुरता विरल्यावर अव्वांनी काठी टेकली, गुडघ्यावर हात ठेवला आणि सावकाश उठल्या.

"हं," त्या म्हणाल्या. "जा की आता."