तांबडी आणि काळा

माझा आतेभाऊ धारला राहायचा. वयानं मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणतो. मनावर गावाच्या बाजूला त्याची कापसाची शेती आहे. नोकरी संपल्यावर तो शेतावरच जास्त राहू लागला आणि तिथं त्याला ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यतींचा नाद लागला. पंजाबातून पिल्लं आणायची, त्यांना दूध-अंडी चारायची, रोज पळवायचं, पाय चोळायचे. हिवाळ्यात कापूस वेचून झाला की आसपासची शौकीन मंडळी एखाद्या मोकळ्या शेतात जमत. मोटरनं ओढलेल्या दोरीला कापडाचा ससा बांधलेला असे आणि त्याच्यामागं ही लांब पायांची जनावरं अशी सुटत की बघणाऱ्याचा श्वास अडकावा.

मीही देवासहून जायचो. दालबाफल्यांचं जेवण व्हायचं, चार ओळखीची माणसं भेटायची. दादाची तांबडी पुढं निघाली की मी खुर्चीवर चढून ओरडायचो. पुढं लोकांनी माझं जे कौतुक केलं ते ऐकताना मला ती खुर्ची आठवायची, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

तांबडी आणि काळा एकाच वेतातली. दादानं त्यांना नावं दिलीच नव्हती, रंगावरूनच हाका मारायचा. एका शर्यतीत वळणावर तांबडीचा मागचा पाय खड्ड्यात गेला. ती कोलमडली, उठली आणि तीन पायांवर तशीच सशामागं धावत राहिली. चौथा पाय नुसता लोंबत होता. मी तेव्हाही ओरडतच होतो. काय झालंय ते माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला. दादा मात्र चप्पल टाकून शेतातून धावला होता.

इंदूरच्या डॉक्टरांनी पाय जोडला, पण शर्यत संपली म्हणाले. काळ्याचीही संपली. बहीण शेजारी नसली की तो अर्ध्या वाटेत थांबून मागं बघायचा. त्यातच दादाचे दोन्ही गुडघे गेले आणि मुलगा त्याला पुण्याला न्यायच्या गोष्टी करू लागला.

"भिया, न पळणाऱ्या कुत्र्यांचं काय करतात तुला माहीत आहे का?" दादानं मला विचारलं. "हायवेला सोडून देतात. मी तसं करणार नाही. पण मला काही सुचत नाहीये."

मी म्हणालो, तांबडीला मी नेतो. काळ्यासाठी चांगलं घर शोधू.

"दोघं कधी वेगळी राहिली नाहीत रे."

"होईल सवय," मी म्हणालो. किती सहज म्हणालो!

आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. तांबडीनं जन्मात जिना पाहिला नव्हता. पहिल्या पायरीशी ती चारही पाय ताठ करून उभी राहिली, शेवटी मी तिला उचलून वर नेलं. बाल्कनीच्या काचेवर ती नाक आपटायची. कुकरची शिट्टी झाली की पलंगाखाली शिरायची. सौभाग्यवती आधी म्हणाली होती, "अहो, घोड्याएवढं जनावर या घरात ठेवायचं कुठं?" तिनंच आठवड्याभरात जुन्या शालीचा कोट शिवला, कारण या कुत्र्यांच्या अंगावर ना चरबी असते ना दाट केस, आणि देवासची थंडी काही कमी नसते. तांबडी तो कोट घालून दाराजवळ पडून राहायची. मला वाटायचं, नवीन जागा आहे, रुळेल.

काळ्यासाठी मी बरीच माणसं पाहिली. एकाला गोदामावर राखणीला कुत्रा हवा होता. त्याला सांगितलं, हा चोरावर भुंकायचा नाही, चोराच्या मांडीवर डोकं ठेवेल. एका तरुणाला त्याला पुन्हा पळवायचं होतं, तर दादाच्याच एका जुन्या दोस्ताला त्याच्यापासून पिल्लं हवी होती. दोघांनाही नाही म्हटलं, आणि पुढं कुणाला तो मोह होऊ नये म्हणून काळ्याची नसबंदी करून घेतली. दोस्त दादावर रागावला. दादा म्हणाला, "रागावू दे."

मग उदयनगरचं एक जोडपं भेटलं. बाई तिथल्या सरकारी दवाखान्यात नर्स, नवरा शाळेत मास्तर, दोघंही हिंदी बोलणारी. मी आधी एकटा जाऊन घर पाहून आलो. पक्की भिंत घातलेलं मोठं अंगण होतं, घरात मांजर नव्हतं. शेजारी कोंबड्या होत्या, त्यांचं काय करायचं हे बाईनंच मला विचारलं. मी म्हणालो, बाहेर नेताना पट्टा आणि तोंडाला जाळी. मोकळा कधीच सोडायचा नाही, काही पळताना दिसलं की तो तुमची हाक ऐकणार नाही. तिनं मान हलवली. "और अगर हमसे न बने तो?" तिनं विचारलं. "तर मला फोन करा. दुसऱ्या कुणाला देऊ नका." हा प्रश्न विचारला म्हणूनच माझा त्यांच्यावर विश्वास बसला. काळा उदयनगरला गेला.

आमच्या बिल्डिंगमध्ये माझं भलतंच कौतुक होऊ लागलं. खाली फिरायला नेलं की मुलं गोळा व्हायची. "अंकल, बड़े पुण्य का काम किया आपने," असं शेजारचे म्हणायचे. मी हसून पट्टा ओढायचो आणि तांबडी लंगडत माझ्यामागं यायची.

ती खात नव्हती. म्हणजे अगदी उपाशी नव्हती, पण सौभाग्यवतीनं हातानं भरवलं तेवढंच खायची. डॉक्टर म्हणाले, पाय छान जुळलाय, रक्त ठीक आहे. मी औषध बदललं, खाणं बदललं, तिचं अंथरूण आमच्या खोलीत आणलं. एका सकाळी मी दूध घेऊन घरात शिरलो तेव्हा सौभाग्यवती तांबडीशेजारी जमिनीवर बसली होती.

"तुम्ही पाहिलंत का," ती म्हणाली, "दार उघडलं की ही आपल्याकडे बघत नाही. आपल्या मागं बघते. अजून कुणी आत येतंय का, ते."

मी दुधाची पिशवी तशीच धरून उभा राहिलो. मला समजलं नव्हतं असं नाही. समजून घ्यायचं नव्हतं. तांबडी माझ्या घरी असणं मला हवं होतं. तिचा पाय मोडताना मी ओरडत होतो, आता मी तिला सांभाळतोय, एवढं मला रोज स्वतःला दाखवायचं होतं. तिला काय हवंय हा प्रश्न मी गोदामवाल्यासाठी आणि त्या तरुणासाठी ठेवला होता, स्वतःसाठी नाही.

रविवारी आम्ही तिला घेऊन उदयनगरला गेलो. नर्सबाईंना फोन करून ठेवला होता. फाटक उघडलं, काळा अंगणात उन्हात पडला होता. आम्हाला वाटलं होतं दोघं उड्या मारतील. तसं काही झालं नाही. काळा उठला, सावकाश आला आणि तिचा तो जोडलेला पाय हुंगत राहिला. मग तांबडीनं आपलं सगळं अंग त्याच्यावर टेकवलं. तशीच टेकून ती डोळे मिटून उभी राहिली. नंतर दोघं पाठीला पाठ लावून झोपली. दुपारी बाईनं काळ्याचं ताट मांडलं तेव्हा तांबडी उठून गेली आणि त्याच्या ताटातलं खाऊ लागली. तो बाजूला सरकला.

मास्तर संकोचानं म्हणाले, "अंकल, बुरा न मानें तो इसे भी यहीं रहने दीजिए."

मी सौभाग्यवतीकडे पाहिलं. नको म्हणणारी तीच होती, आणि आता तिच्या कुशीत डोकं घातल्याशिवाय तांबडी झोपत नव्हती. मी 'हो' म्हणालो तर हिच्याकडून काढून घेतल्यासारखं होणार, 'नाही' म्हणालो तर तांबडीकडून.  सौभाग्यवती उठली. पिशवीतून तो शालीचा कोट काढून तिनं बाईच्या हातात दिला. "रात को ठंड लगती है इसे," ती म्हणाली, "ये पहना देना."

आम्ही निघालो तेव्हा तांबडीनं मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली ठेवली. जंगलाचा घाट संपेपर्यंत सौभाग्यवती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "बरं झालं." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "अहो, आपण तिला उगीच इतके दिवस ठेवली." तिनं 'आपण' म्हटलं. ठेवली मी होती.

दादाला फोनवर सांगितलं.  त्यानं एवढंच विचारलं, "जेवली?"

पुण्याला जाण्याआधी दादाला त्या दोघांना एकदा भेटायचं होतं, म्हणून आम्ही त्याला उदयनगरला नेलं. काठी टेकत तो अंगणात खुर्चीवर बसला. तांबडीनं त्याला ओळखलं आणि येऊन त्याच्या गुडघ्यांमध्ये उभी राहिली. त्यानं शर्यतीआधी चोळायचा तसा तिचा पाय चोळायला घेतला, आणि चोळता चोळता त्याचे हात थांबले.

"मीच पळवली रे हिला," तो म्हणाला.

"आणि मी खुर्चीवर चढून ओरडलो."

दादानं माझी समजूत घातली नाही, मीही त्याची घातली नाही. बाईनं चहा आणला. काळा मध्ये घुसला, त्यालाही पाय चोळून हवा होता, तेव्हा दादा थोडा हसला.

आता दादा पुण्यात आहे. गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. रिकामा बसून तो मनावरच्या जुन्या शर्यतवाल्यांना फोन करत असतो, की बाबांनो, कुत्रं थकलं तर रस्त्यावर सोडू नका, आधी मला सांगा. काही जण त्याची टिंगल करतात. दोघातिघांनी मात्र खरंच फोन केला आणि ती कुत्री मी जाऊन आणली, घरं पाहिली, मग दिली. यात मला हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं वाटत नाही. प्रत्येक नव्या कुत्र्याला जिन्यावरून उचलताना त्याचं धडधडणारं काळीज माझ्या हाताला लागतं आणि मला शेतातला माझा तो ओरडा ऐकू येतो.

परवा दादाचा पुन्हा फोन आला. कुणीतरी एक म्हातारा कुत्रा देतोय म्हणाला. मी किल्ली शोधू लागलो, तर सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणाली, "जाण्याआधी विचारा त्याला, कुत्रा एकटा आहे की जोडीला कुणी आहे."

मी विचारलं. जोडीला एक कुत्री होती. तिच्याबद्दल कुणी काही बोललंच नव्हतं.