आक्कांचे ऋतू आणि माझा शेरा

बालवाडीच्या आक्कांना ऋतू ठाऊक नसावेत, असं मी एकदा शाईच्या पेनानं लिहून खाली सही केली होती. खरं तर निपाणीपासून बेळगावपर्यंत त्यांच्याइतके ऋतू दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हते. पंचांगात ते सहा असतात, शाळेच्या पुस्तकात तीन. आक्कांकडे किमान वीस होते, आणि त्यातला कोणता कधी सुरू होईल हे पोरांच्या नाकावर, जिभेवर आणि आक्कांच्या लहरीवर ठरायचं.

निपाणीच्या आमच्या गल्लीत एक मंडळ ती बालवाडी चालवायचं. दोन खोल्या, एक ओटा आणि तीस-पस्तीस पोरं. माझी पूनम त्यातली एक. तंबाखूचा माल वखारींत येऊ लागला की सगळ्या गल्लीला शिंका सुटत, आणि आक्कांचा शिंकांचा ऋतू सुरू होई. एकजण शिंकला की बाकीच्यांनी मोजायचं. अंक शिकवायला त्यांना पाटी लागत नसे. पूनमच्या वर्गातली एक किडकिडीत मुलगी एका दमात सतरा शिंकली, त्यामुळे सगळ्या वर्गाला सतरापर्यंत पक्कं येत होतं. अठरा शिकायला पुढच्या वर्षीची तंबाखू यावी लागली. एका आईनं येऊन तक्रार केली, "आक्का, पोरीला सर्दी झालीया, घरी तरी पाठवायची." आक्का म्हणाल्या, "सर्दी न्हाय ती. गणित हाय."

मग हरभऱ्याचा ऋतू येई. कुणाच्या तरी शेतातून डहाळ्यांचा भारा यायचा. पाला चाटून आंबट म्हणजे काय ते कळायचं, घाटे फोडून आत एक की दोन ते बघायचं, आणि नंतर डहाळे कानांवर खोचून सगळ्यांनी शेत व्हायचं. हा विषय आठवडाभर चालवायचा असा बेत असे, पण मंगळवारपर्यंत पोरं तो खाऊन टाकत. "विषय संपला," आक्का शांतपणे सांगत, "उद्यापासनं टरफलं." टरफलांची माळ, टरफलांची होडी, टरफलांचं गाव. त्यांच्या पिशवीत कायम अशा ऋतूंचा गाळ साठलेला असायचा. एकदा कोल्हापूरच्या बसमध्ये कंडक्टरनं तिकीट मागितलं तेव्हा आक्कांनी आधी चिंचोके काढले, मग मोराचं पीस, मग सुकलेला सुरवंटाचा कोष. कंडक्टर म्हणाला, "आक्का, राहू द्या. तिकीट काढलं असणार तुमी."

गोष्टी सांगण्याची त्यांची तऱ्हाही निराळी. गोष्टीत जो प्राणी असेल त्याला त्या दिवशी डब्याच्या वेळेला चटई घातली जायची. अस्वल असलं तर दोन. वर्गातली निम्मी पोरं घरी कानडी बोलणारी, निम्मी मराठी, म्हणून गोष्टीतली जनावरंही तशीच वाटून दिलेली. त्यांच्या एका गोष्टीत कोल्हा फक्त मराठी बोलायचा आणि कोंबड्या कानडी. कोल्हा दाराशी गोड बोलत उभा असताना कोंबड्या त्याच्या तोंडावरच मागच्या दारानं पळायचा बेत कानडीत ठरवत. "कोल्ह्याला कानडी येत नव्हतं म्हणून कोंबड्या वाचल्या," असं सांगून आक्का पुढं म्हणत, "पोरांनो, कोल्ह्यागत राहू नका रं. दोन्ही शिका."

आणि चुकीची माफी मागायचा त्यांचा एक कायदा होता. नुसतं चुकलं म्हणून भागत नसे. काय चुकलं ते सांगायचं, आणि ज्याच्याशी चुकलं त्याच्या घरच्या भाषेत सांगायचं. पूनमनं एकदा शांतिनाथचा रंगीत खडू मोडला. शांतिनाथच्या घरी कानडी. संध्याकाळभर आमची चार वर्षांची पोर आरशापुढं उभी राहून "तप्पायतु, शांतू, तप्पायतु" असं घोकत होती. चुकलं, शांतू, चुकलं. मला तेव्हा त्याचं हसू आलं होतं.

मी त्या मंडळाचा चिटणीस होतो. नोकरी बेळगावला, एका सरकारी कचेरीत. दिवसभर कानडीत टिपणं लिहायची, त्यामुळं संध्याकाळी निपाणीत उतरलो की मराठीच्या बाबतीत मी जरा जास्तच कडक व्हायचो. दुकानांच्या पाट्यांवरचे ऱ्हस्व-दीर्घ काढत चालायचो. लोक मला टाळत, आणि मी त्याला आदर समजायचो.

त्या वर्षी आषाढात मी बालवाडीच्या तपासणीला गेलो. घाईत होतो, बेळगावची गाडी गाठायची होती. आक्का पोरांना ओट्यावर घेऊन बसल्या होत्या. खोलीत भिंतीवर मोठा कागद, त्यावर हिरवे चौकोन, त्या चौकोनांवर निळ्या तिरप्या रेघा, आणि वर ठळक अक्षरांत लिहिलेलं: "आमचा ऋतू – मळे". मला राग आला. ऋतूचं नाव पावसाळा. मळे हा कधीपासून ऋतू झाला? मी शेरेबुक उघडलं आणि लिहिलं, "फलकावर ऋतूचे नाव 'मळे' असे चुकीचे लिहिले आहे. बाईंना ऋतू ठाऊक नसावेत." सही केली, गाडी पकडली, आणि संकेश्वरपर्यंत स्वतःवर खूश होतो.

संध्याकाळी पूनमनं मला जेवू दिलं नाही. "पप्पा, आमचं चित्र बघितलंसा? आक्कांनी विचारलं, मळे म्हंजे काय. मी हिरवं शेत काढलं. शांतूनं पाऊस काढला. आक्का म्हणाल्या, दोघांचं बी बरोबर. मग माझ्या मळ्यावर शांतूचा मळे पाडला."

हातातला घास तसाच राहिला. कानडीत पावसाला मळे म्हणतात. आमच्याकडं बोलताना मळि म्हणतात, लिहिताना मळे. रोज दहा वेळा पावसाच्या नुकसानीच्या फायलींवर मी तो शब्द लिहीत होतो. पण देवनागरीत दिसला, आणि मला फक्त शेतं दिसली.

इथपर्यंत झाली ती चूक. चूक माणसाकडून होते. यापुढचं मात्र मी जाणून केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन तो शेरा खोडायला पाच मिनिटं लागली असती. मी गेलो नाही. चिटणिसानं आपलाच शेरा खोडायचा, आणि तोही कानडी येत असून कळलं नाही म्हणून, हे लोकांना काय सांगणार? त्या आठवड्यात गेलो नाही, पुढच्याही नाही. मंडळातल्या काहींना छापील वह्या आणि इंग्रजी गाणी हवीच होती. बैठकीत त्यांनी माझा शेरा मोठ्यानं वाचला. मी मान खाली घालून इतिवृत्त लिहीत राहिलो. नव्या बाई आल्या. आक्कांना पोरांना घरून आणायचं आणि परत पोचवायचं काम दिलं.

ते त्यांनी वर्षभर केलं. रस्त्यानं शिंका मोजत पोरं यायची. आमच्या दारात पूनमला सोडताना आक्का एकदाच त्या विषयावर बोलल्या. "पूनमच्या पप्पा, शेरा वाचला. अक्षर लई चांगलं हाय तुमचं." मी थँक्यू म्हणालो. खरंच म्हणालो. वर्ष संपल्यावर त्या बहिणीकडं, बेळगावजवळच्या सांबऱ्याला निघून गेल्या.

पूनम आता लहान मुलांना शिकवायचा कोर्स करते. गेल्या हिवाळ्यात तिला ऋतूंवरचे उपक्रम लिहून द्यायचे होते. मी उत्साहानं शिंका सांगितल्या, टरफलं सांगितली, कोल्हा सांगितला. तिनं सगळं उतरवून घेतलं आणि विचारलं, "एवढ्या भारी बाईंना मंडळानं का काढलं?" मी म्हणालो, "काढलं न्हाय, त्यांनीच सोडलं." मग तिला पावसाचं चित्र आठवलं आणि ती हसत ते लिहू लागली. मला तिच्यासमोर बसवेना.

त्या रविवारी सांबऱ्याला गेलो. आक्का ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा सोलत होत्या, केस पांढरे झालेले, भोवती शेजारपाजारची पाच पोरं. विमानतळ जवळच, त्यामुळं तिथं विमानांचा ऋतू चालू होता. आवाज आला की सगळ्यांनी गप्प होऊन वर बघायचं आणि आत कोण बसलं असेल ते एकेकानं सांगायचं. तेवढ्यात एक विमान गेलंच. एका पोरीच्या मते त्यात म्हशी होत्या. आक्कांनी ते मान्य केलं आणि मग माझ्याकडं बघितलं.

"पूनमचं पप्पा न्हवं? वाळलासा की. बसा. पूनम काय करती?"

"पोरांना शिकवणार आहे," मी म्हणालो. "आक्का, माझं चुकलं."

पोरं एकदम माझ्याकडं वळली. त्यांना तो कायदा माहीत होता, हे त्यांच्या तोंडांवरून कळत होतं. म्हशीवाली पोरगी म्हणाली, "काय चुकलं ते सांगायचं असतंय." दुसरा म्हणाला, "आणि आक्कांच्या घरच्या भाषेत."

आक्कांच्या घरची भाषा कोणती, हे मला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं त्या माझ्याशी मराठी बोलत होत्या, आणि मी विचारलंही नव्हतं. मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी शेंग फोडली, दाणे त्या पोरीच्या तळहातावर ठेवले आणि हळू आवाजात विचारलं, "येन तप्पायतु?" काय चुकलं?

कचेरीतलं माझं सगळं कानडी त्या क्षणी कुठं गेलं कोण जाणे. उरलं ते पोरांचं, अडखळतं. त्या कानडीत मी सांगितलं, की भिंतीवर पाऊस होता आणि मी फक्त शेत वाचलं. ते मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. दुसऱ्या दिवशी मी यायला हवं होतं, आलो नाही. तप्पायतु, आक्का.