कातमिनाच्या पदरात आलेली पोर

मूल होत नाही म्हणून कातमिनाला नवऱ्यानं टाकलं आणि दुसरी करून आमच्याच गल्लीच्या टोकाला संसार मांडला. त्या दुसरीची पोरं शाळेला निघाली की कातमिना दारातूनच म्हणायची, "आली बघा माकडांची वरात." जावा बेटावरच्या आमच्या ब्रेबेसमध्ये निम्म्या बाया कांद्याच्या खळ्यावर राबतात. मीही तिच्या शेजारी बसून वर्षानुवर्षं कांदे निवडत आले. तिच्या जिभेचा झणका कांद्याहून जास्त. पडलेल्या पोराला ती उचलायची, पण आधी एक धपाटा घालून.

तिची धाकटी बहीण युलियातुन तैवानला कामाला निघाली, तेव्हा युलीची मुलगी वेनिंग जेमतेम तीन वर्षांची होती. बाप कुस्नादी जकार्तात बांधकामावर. पोर कातमिनाकडे ठेवायचं ठरलं. निघायच्या दिवशी वेनिंग आईच्या गळ्याची मिठी सोडेना. बाहेर गाडीवाला भोंगा वाजवतोय, युली रडतेय. शेवटी कातमिनानंच तोड काढली.

"तिला संडासला बसव. म्हणावं, तू बस, मी पाणी घेऊन येते. आणि तशीच पुढच्या दारानं नीघ. पोरं दोन दिवस रडतात न् विसरतात."

तसंच झालं. मागच्या अंगणातून कितीतरी वेळ हाक येत होती, "आई, झाली! आई, धू ना!" शेवटी धुवायला गेली ती कातमिना.

तेव्हापासून पोर संडासचं दार दिसलं की अंग आखडायची. कळ आली की कपाटाआड जायची, टाचा उचलायची, पायाला पाय आवळून उभी राहायची. तोंड लालबुंद, कपाळावर घाम. कळ जिरली की पुन्हा खेळायला. असे दिवसच्या दिवस जायचे. मग एकदा झालं ते दगडासारखं, रक्त घेऊन. पोर अशी किंचाळली की गल्ली गोळा झाली. त्यानंतर ती जास्तच दाबून धरायला लागली.

मग चड्डीला पातळ लागायला लागलं. उठता बसता, खेळता खेळता. कातमिनाला वाटलं, जुलाब. तिनं पेरूच्या पाल्याचा काढा पाजला, पपई बंद केली, नुसत्या भातावर ठेवलं. चड्ड्या काही थांबेनात. आतली घाण एकदा निघाली की थांबेल असं कुणीतरी सांगितलं, म्हणून साबणाची कांडीसुद्धा करून खालून सरकवली. दोन बायांनी पाय धरले होते. त्या दिवसापासून वेनिंग कातमिनाला अंघोळीलाही हात लावू देईना.

"एवढी घोडी झाली, अजून चड्डीत करते!" कातमिना खळ्यावर म्हणायची. "मुद्दाम करते गं. माझ्यावर राग काढते."

"राग असेल तर असेल," मी म्हटलं, "पण एवढीशी ती. तिला मुद्दाम म्हणजे काय ते तरी कळतं का?"

"तू नको शिकवू. तुझी चार झाली, त्यातली दोन तुला विचारत नाहीत."

मी पुढचा कांदा उचलला.

एका सकाळी धुतलेली चादर पुन्हा भरली, तशी तिची सटकली. तिनं भरलेली चड्डी नाडीला बांधून वेनिंगच्या गळ्यात अडकवली आणि पोरीला रस्त्याच्या कडेला उभं केलं. "राहा उभी. लोकांना कळू दे किती सुगंधी आहेस." गल्लीतली पोरं नाकं धरून नाचायला लागली. "वेनिंग घाणेरडी! वेनिंग गूवाली!" समोरच्या घरातली सुमिरा हसत हसत मोबाईलवर चित्रण करत होती. पोर रडलीसुद्धा नाही. टाचा उचलून, पाय आवळून उभी होती.

मी जाऊन चड्डी काढली. कातमिना मला वाट्टेल ते बोलली.

पुढच्याच आठवड्यात वेनिंगचं पोट ढोलासारखं टम्म फुगलं आणि खाल्लेलं उलटून पडायला लागलं. तेव्हा मात्र कातमिनाचं तोंड उतरलं. पोरीला पाठुंगळी घेऊन ती पळत सरकारी दवाखान्यात गेली. मी मागोमाग.

डॉक्टरीणबाईंनी पोट चाचपलं. "किती दिवस कोंडलंय हे?"

"कोंडलंय कुठलं? जुलाब होतायत! पेरूचा पाला देतेय मी."

"अहो, हे जुलाब नव्हेत. आत खडा अडकलाय आणि त्याच्या कडेनं पातळ झिरपतंय. पोरीला ते कळतसुद्धा नाही. तिला आवरता येण्यासारखं नाही ते. आणि पाला घालून तुम्ही वरून बूच मारलंत."

"म्हणजे ती... मुद्दाम नाही करत?"

"नाही."

तिथं एनिमा देऊन पोट मोकळं केलं. मग बाईंनी सांगितलं, औषध रोज द्यायचं. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायचं नाही, महिनोन्‌महिने लागेल. पाणी, भाजी, पपई. जेवण झालं की थोडा वेळ बसवायचं, झालं तर ठीक, नाही तर ठीक. रागवायचं नाही. "संडासला घाबरते का ती?"

कातमिना पोरीच्या पायात चपला घालायला लागली. परत येताना सायकलरिक्षात मात्र तिनं मला सगळं सांगितलं. युलीला पुढच्या दारानं कोणी काढलं तेही. "मलाच सुचलं गं ते. मलाच."

त्यानंतरची कातमिना मी पाहिली म्हणून सांगते, नाहीतर माझाही विश्वास बसला नसता. जेवण झालं की ती पोरीला घेऊन संडासशी जायची. दार उघडं टाकायची आणि समोर बादली पालथी घालून तिच्यावर बसायची. सुरुवातीला वेनिंग नुसती रडायची. मग मावशीच्या लुंगीचा काठ मुठीत धरून बसायला लागली. "जाणार नाहीस ना?" "कुठं मरायला जाऊ? बस." "पाणी आणायला?" "पाणी इथंच भरून ठेवलंय, बघ." खळ्यावर यायला तिला उशीर व्हायचा. मुकादम शिव्या घालायचा आणि ती त्याला दुपटीनं घालायची. दोन महिन्यांनी वेनिंगचं रोज सुरळीत व्हायला लागलं. गालांवर मांस आलं. अंगणातून हाक यायची, "मावशी, झाली!" आणि कातमिना हातातला कांदा टाकून धावायची.

आणि नेमका तेव्हाच सुमिराचा तो व्हिडिओ फिरत फिरत तैवानला पोचला.

युलीचा फोन आला. कातमिनाच्या हातातला मोबाईल एवढा ओरडत होता की मला ओसरीवर ऐकू येत होतं. "मी इथं परक्या म्हाताऱ्याचं गू-मूत काढते, ताई! रोज काढते! कधी शी म्हटलं नाही त्याला! आणि तू माझ्या पोरीच्या गळ्यात..."

"आता ती चांगली आहे गं. रोज होतं तिला. तू बघ तरी तिच्याकडे."

फोन बंद झाला होता.

चार दिवसांनी कुस्नादी आला. पोरीला उचलून मोटारसायकलवर बसवलं. कातमिना औषधाची बाटली घेऊन मागं धावली. "हे रोज द्यायचं. सोडायचं नाही. आणि बसवताना समोर कुणीतरी—" त्यानं बाटली घेतली आणि कोपऱ्यावरच्या गटारात भिरकावली. "तुझ्या हातचं विषसुद्धा नको."

वेनिंगला बुमिआयु गावी, आपल्या आईकडे, दार्सेम आजीकडे ठेवून तो जकार्ताला गेला. कातमिनानं कसाबसा महिना काढला. मग नवी बाटली आणि दोन पिकलेल्या पपया घेऊन मला म्हणाली, "चल माझ्याबरोबर. एकटीला दारात उभं करणार नाहीत."

दोघींनाही उभं केलं नाही. दार्सेम आजी कमरेवर हात ठेवून उंबऱ्यातच ठाकली. "आली का चड्डीची माळ ओवणारी? बघ म्हणावं माझ्या नातीला. आल्यापासून एकदाही चड्डी भरली नाही. एकदाही! तुझ्या घरातच खोट होती."

शेजारच्या बाया हसल्या.

वेनिंग फणसाच्या झाडाशी उभी होती. टाचा उचललेल्या, पायाला पाय आवळलेला. फ्रॉक पोटावर ताणला होता. कातमिनाला बघून ती आक्रसली आणि घाईघाईनं म्हणाली, "मावशी, मी घाण केली नाही. इथं अजिबात करत नाही मी."

कातमिनानं वाकून आजीचे पाय धरले. "आजी, पाया पडते. ती करत नाही तेच वाईट आहे. तिला दवाखान्यात न्या. आजच न्या."

"ऐका! केली तरी हिला चालत नाही, नाही केली तरी चालत नाही!" पुन्हा हशा पिकला. कुणीतरी पपया उचलून आमच्या मागं रस्त्यावर फेकल्या.

पुढं कळलं ते कांद्याच्या ट्रकवाल्याकडून. पोरीला तापात फणफणताना जिल्ह्याच्या इस्पितळात नेलं, भूल देऊन पोट साफ करावं लागलं. जीव वाचला. पण आजी गावभर सांगते, मावशीनंच काहीतरी चारलं होतं, त्याचा विखार तो. युलीनं आणखी तीन वर्षांचा करार केला. पोरीशी बोलण्याचा अधिकार कातमिनाला कुणी दिला नाही.

गल्लीतल्या पोरांनी आता कातमिनालाच चड्डीवाली नाव ठेवलंय. सुमिराची पोरं सगळ्यात मोठ्यांदा ओरडतात. पूर्वीची कातमिना असती तर सात पिढ्या उद्धरल्या असत्या. आता ती मान खाली घालून कांदे निवडते, आणि मुकादमाच्या आधी खळ्यावर हजर असते.